आगोट

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. एप्रिल आणि मे महिन्यातले सगळे शनिवार-रविवार टोकावड्याला गेले, आणि सोमवारी कल्याणला परतल्यावर बोटं की-बोर्डवर चालायला तयार नसायची. आत्यांचे फोन, ब्लॉगवरच्या मंडळींच्या मेल, सगळ्यांचा प्रश्न एकच: तुम्ही दोघं तिथे नक्की करताय तरी काय? तर आम्ही आगोट करत होतो.

पुण्याकडच्या मैत्रिणींना हा शब्द समजावून सांगावा लागतो. आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड, आणि त्याच्या आत उरकायची सगळी कामं. कौलं चाळायची, रिपा बदलायच्या, लाकूडफाटा आणि गोवऱ्या पडवीत भरायच्या, मसाला कुटायचा, वाल-तूर-कुळीथ उन्हं देऊन डब्यात भरायचे, चिंचेचे गोळे मीठ लावून बरणीत टाकायचे, कांद्याच्या माळा वाशाला टांगायच्या. एका शब्दात छप्पर आणि फडताळ दोन्ही येतात. शहरात घराची दुरुस्ती हे एक खातं आणि स्वयंपाक हे दुसरं. इथे पाऊस दोघांनाही एकच तारीख देतो, मृगाची. म्हणजे 7-8 जून.

टोकावडे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजला जाताना लागतं. पावसाळी सहलीच्या गाड्या इथूनच जातात, बहुतेक न थांबता. पुढे वैशाखरे, नाणेघाटाचा फाटा, मग घाट. सह्याद्रीची भिंत समोर उभी असल्यामुळे ढग आमच्या डोक्यावर येऊन अडतात आणि रिकामे होतात. धबधबे बघायला येणाऱ्यांना हे फार छान वाटतं. कौलारू घरात राहणाऱ्याला काय वाटतं ते विचारू नका :)

आता मुद्द्याचं. घरच्यांना अर्धंच ठाऊक आहे, म्हणून सगळं लिहिते. गेल्या दिवाळीत घर पाडून स्लॅबचं बांधायचं असं जवळजवळ ठरलं होतं. दोन्ही भावोजींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मागची भिंत फुगली होती, माजघरात चार ठिकाणी पातेली ठेवावी लागत होती, आणि आई (माझ्या सासूबाई, वय 78) तिथे एकट्या राहतात. बांधकाम होईपर्यंत त्यांनी आमच्याकडे कल्याणला यायचं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर चढलेला माणूस सहज खाली उतरत नाही. आईंनी वाद घातला नाही, फक्त जेवताना विचारलं, "मग माझी चूल कुठे ठेवणार?" कुणी काही बोललं नाही. रात्री नवरा म्हणाला, "एक पावसाळा बघू. घर गळलं नाही तर पाडायचं नाही." भावोजी हो म्हणाले, पण खर्च ज्याचा त्याने करायचा या बोलीवर. कौलं चाळणारे हात आता गावात फार उरलेले नाहीत, जे आहेत त्यांना मे महिन्यात श्वास घ्यायला वेळ नसतो. म्हणून आम्ही दोघं.

पहिल्याच शनिवारी कामाची वाटणी झाली. वासे जुने, काही वाळवीने पोखरलेले. नवरा 84 किलो, मी 52. त्यामुळे छपरावर मी आणि खाली तो. खाली म्हणजे कौलं वर देणं, रिपा कापणं, आणि 10 वाजले की चूल पेटवणं. गावात याची चर्चा पुरेशी झाली. शेजारच्या काकू पहिले दोन आठवडे रोज काही ना काही निमित्त काढून बघून जायच्या, वहिनी कौलांवर आणि भाऊ पिठलं हाटतोय. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पिठल्याची चव घेतली आणि मग यायचं थांबवलं. (चव चांगली होती. बघण्यासारखं काही उरलं नाही, एवढंच.)

कौलांचं थोडं सांगते, कारण यातलं बरंच मलाही नवं होतं. आपण ज्यांना मंगळुरी कौलं म्हणतो ती बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळूरला काढायला सुरुवात केली आणि मग सगळ्या किनाऱ्यावर पसरली. एक कौल दोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला साधारण 15 लागतात. आमच्या छपरावर दोन हजारांच्या आसपास आहेत. कौलाच्या कडेला खाच असते, ती शेजारच्या कौलाच्या कडेत बसते. पण वेगवेगळ्या कारखान्यांचे साचे वेगळे, त्यामुळे एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या शेजारी नीट बसत नाही. आमच्याकडच्या निम्म्या गळतीचं कारण हेच निघालं. फुटलं की मिळेल ते कौल सरकवून दिलं होतं. मग सगळी उतरवली, मागचा शिक्का बघून अंगणात ढीग लावले आणि एकेका पाखावर एकाच शिक्क्याची चढवली. कमी पडली ती गावातूनच मिळाली. जो तो घर पाडून स्लॅब घालतोय, जुनी कौलं परसात रचून ठेवलेली असतात, त्यावर काकडीचे वेल चढतात. "घेऊन जा, जागा मोकळी होईल" म्हणतात. वाळवी लागलेले वासे तासून गॅरेजमधलं जळकं ऑईल पाजलं, पाच वासे बदललेच.

हे सगळं सकाळी सहा ते दहा आणि चारनंतर. मधल्या वेळात कौलाला हात लावला तर भाजतो. या मधल्या वेळात आम्ही वाल सोलायचो.

कडवे वाल हे आमच्या भागाचं खरं धन. भात कापला की शेतात उरलेल्या ओलीवर पेरायचे, पाणी द्यायचं नाही, थंडीच्या दवावर वाढतात. रात्री भिजवायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात घालून एकेक साल काढायची. चौघांच्या बिरड्याला दोघांचा पाऊण तास जातो. लग्नाला 19 वर्षं झाली, पण दोघंही मोबाईल बाजूला ठेवून एका परातीत हात घालून पाऊण तास बसलोय असं क्वचितच झालं असेल. विशेष काही बोलायचो नाही. चिखल किती दिवस मुरवायचा, रिपांना खिळे दीड इंची पुरतील का, असलंच. आई ओट्यावर बसून आमच्यापेक्षा दुप्पट वेगाने सोलायच्या.

आमच्या घरात मांस-मासळी नाही. सासऱ्यांनी पंढरीची माळ घातली तेव्हापासून बंद. एरवी इकडची आगोट म्हणजे सुकट, बोंबील, जवळा. पावसात बाजार लांब पडतो तेव्हा घरोघरी त्याचाच आधार. त्यामुळे कामाला मदतीला येणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी जरा धास्ती होती. एकजण म्हणालाच, "वहिनी, नुसत्या भाजीवर वासा उचलेल का?" नवऱ्याने त्याला उत्तर दिलं नाही, ताटात वाढलं. नाचणीची भाकरी, आमसूल आणि ओलं खोबरं घातलेलं वालाचं बिरडं, भाजलेला कांदा-खोबरं वाटून केलेली कुळथाची आमटी, लसणाची चटणी, वर भात. वासे उचलले गेले. यात चमत्कार काही नाही. कुळीथ आणि वालात वजनाच्या पाचवा हिस्सा किंवा थोडी जास्तच प्रथिनं असतात, आणि 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा मॉलमध्ये नाचणीची बिस्किटं आली. आई ते पाकीट उलटंसुलटं करून बघत होत्या, किंमत वाचून बाजूला ठेवलं.

नवऱ्याच्या पिठल्याबद्दल एक परिच्छेद देणं भाग आहे. तो अभियंता, त्यामुळे आधी वाटी, चमचा, मिनिटं असं लिहून घ्यायला बसला. आई म्हणाल्या, "पीठ तुला सांगेल." दोन रविवार पीठ काही बोललं नाही. तिसऱ्या रविवारी फोडणीच्या पाण्याला उकळी आल्यावर एका हाताने कुळथाचं पीठ भुरभुरत दुसऱ्या हाताने रवी फिरवायची, आणि कडेने बुडबुडे फुटायला लागले की झाकण, हे त्याला जमलं. आता त्याचं पिठलं माझ्यापेक्षा बरं होतं. हे मी लिहून देते आहे, आत्याबाई, वाचून झाल्यावर त्याला फोन करा.

भिंतीचं काम मात्र छपरापेक्षा अवघड. आमच्या मागच्या बाजूच्या भिंती कुडाच्या: कारवीच्या काठ्या बांधून त्यावर चिखल-शेणाचं लिंपण. सात-आठ वर्षांपूर्वी एका गवंड्याने "पंचवीस वर्षं बघायला नको" म्हणून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवून दिला होता. दिसायला झकास. पण मातीची भिंत श्वास घेते. खालून चढणारी ओल बाहेर पडून वाळते. सिमेंटने ती कोंडली. गिलावा ठोकून काढला तेव्हा आतली कारवी हाताने चुरगळत होती, आणि सिमेंटचा पापुद्रा मात्र जसाच्या तसा, घट्ट. फुगलेली भिंत ती हीच. लॉरी बेकर (1917-2007) यांची चिखलाच्या बांधकामावर हाताने चित्रं काढलेली एक छोटी पुस्तिका आहे, नवरा ती घेऊन बसायचा. आई पुस्तिकेतली चित्रं बघून म्हणायच्या, हे बरोबर आहे, हे आमच्याकडे असं नाही करत.

नवी कारवी आणायचा प्रश्नच नव्हता. सरळ वाढलेल्या, पक्व काठ्या हव्यात, आणि कारवी आपल्याच वेळापत्रकाने चालते: साधारण सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2008 ला फुलली, मग 2016 ला. आम्ही मोडकळीला आलेल्या गोठ्याच्या भिंतीतल्या चांगल्या काठ्या काढून वापरल्या. गोठा गेली कित्येक वर्षं रिकामाच आहे.

चिखल अंगणात खड्डा करून आठ दिवस भिजवला. माती, शेण, भाताचं तूस, बारीक चिरलेला पेंढा. पेंढ्यामुळे वाळताना भेगा कमी पडतात. तो पायांनी तुडवायचा. दोघांनी एकमेकांचे खांदे धरून गोल गोल फिरत तुडवला, कारण एकट्याचा तोल जातो. आई बघून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग स्वतःच म्हणाल्या, की लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासऱ्यांबरोबर त्यांनी हीच भिंत अशीच तुडवून घातली होती. हे त्यांनी आमच्यापैकी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्याने दोन मिनिटं पाय थांबवले. मग परत सुरू केले.

चुन्याचं वेगळं प्रकरण. कळीचा चुना पाण्यात पडला की खदखदतो, लोखंडी पिंपच हवं आणि चेहरा लांब. तो चांगला मुरवून, फडक्यातून गाळून, मीठ आणि भाताची पेज घालून पातळ केला. भिंत आधी ओली करून तीन हात दिले. पहिला हात दिल्यावर काहीच दिसत नाही, वाटतं चुना फुकट गेला. वाळला की पांढरा उठतो. हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून त्याचा पुन्हा दगड होतो म्हणे. रंगवणारी मी, पाणी मारणारा तो, "तिथे राहिलं" म्हणणाऱ्या आई.

3 जूनला पहिला पाऊस आला, मृगाच्या आधीच. आम्ही कल्याणला. संध्याकाळी साडेसहाला आईंना फोन लावला तर उचलेनात. सात वाजता उचलला. त्या माजघरात पातेली घेऊन फिरत होत्या, कुठे ठेवायची ते बघत. "एकच लागलं," म्हणाल्या. देवघराच्या वर, जिथे दोन पाखं मिळतात तिथे. पुढच्या शनिवारी जाऊन दोन कौलं सरकवली. त्यानंतर घाटावरून येणारा तो आडवा पाऊस पंधरा दिवस झाला, पातेलं कोरडं.

त्याच शनिवारी नाक्यावर शेवळं आली होती. ठाकर बायका जुड्या घेऊन बसतात, सोबत काकडं. शेवळं पहिल्या सरींबरोबर येतात आणि बघता बघता संपतात. बरेच जण ती कोळंबी किंवा खिमा घालून करतात. आमच्याकडे वाल घालून. वरचं आवरण काढायचं, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग टाकून द्यायचा, नाहीतर घसा खवखवतो, आणि काकडं कुटून उकळलेलं आंबट पाणी घालायचं. हे काम आईंनी आम्हा दोघांनाही करू दिलं नाही. चुलीपाशी स्वतः बसल्या.

भावोजींना फोटो पाठवले आहेत. धाकट्यांचं उत्तर आलं, "दिवाळीपर्यंत थांबू." मोठे भावोजी श्रावणात दोन दिवस स्वतः राहायला येतो म्हणालेत, बघायला. यायला हवंच. मोरीची भिंत अजून बाकी आहे, तिथे एक जास्तीचा हात लागेल. येताना जुने कपडे आणावेत, आणि माजघराच्या भिंतीला टेकून बसू नये. चुना पाठीला लागतो.