घर पाहावे पाडून

‘घर पाहावे बांधून’ असे ज्याने प्रथम म्हटले, त्याच्यावर जुने घर पाडण्याचा प्रसंग आला नसावा. बांधकामास मुहूर्त आहे, पायाभरणी आहे, वास्तुशांत आहे. पाडकामाच्या वाट्यास यांपैकी काहीच येत नाही. एके सकाळी घणाचा पहिला घाव बसतो, शेजारी खिडक्या लावून घेतात, आणि घरमालक कंत्राटदारास एवढेच विचारतो, “हे सगळे उचलणार केव्हा?” ‘नेणार कोठे?’ असे विचारणारा घरमालक माझ्या पाहण्यात क्वचितच आला आहे. राडारोडा उचलण्याचे सारे शास्त्र मात्र या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते, असे माझे मत आहे.

आमच्या घरातील एक आतली भिंत काढावयाचे ठरले, तेव्हा मी थोडा हिशेब मांडून पाहिला. भिंत अर्ध्या विटेची. दहा फूट लांब, दहा फूट उंच. तिचे वजन गिलाव्यासह सुमारे अडीच टन भरते, हे घरच्या मंडळींस खरे वाटेना. घमेल्यात वीस किलो धरले तरी मजुराच्या सव्वाशे खेपा होतात! शिवाय उभी असताना भिंत जेवढी जागा अडवीत असते, तिच्या जवळजवळ दीडपट जागा ती पडल्यावर अडविते. कारण तुकड्यांमधील पोकळ्यांचीही तीत भर पडते. म्हणून ‘आधी सगळे पाडू, मग एकदम उचलू’ हा बेत सोयीचा दिसला तरी घातक होय. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसे व सामान मिळून चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरण्याचा प्रघात आहे. फुटक्या विटांचा वीतभर उंचीचा ढीगही ती मर्यादा ओलांडतो. तेव्हा पाडावे तेवढे त्याच दिवशी खाली न्यावे. वरच्या मजल्यावरून सोडावयाचे तर बंद नळीतून सोडावे. आणि घाव घालण्यापूर्वी पाणी शिंपडावे. शेजाऱ्यांस धुळीचा त्रास चार दिवस होतो, पण तीतील सिलिका मजुराच्या फुप्फुसांत जन्मभर राहते.

उचलण्याच्या वेगापेक्षा पाडण्याच्या क्रमास अधिक महत्त्व आहे. घर ज्या क्रमाने उभे राहिले, त्याच्या उलट क्रमाने ते उतरवावे. प्रथम दारे, खिडक्या, नळ आणि तारा, मग जिप्समचे छत, मग फरशी, आणि शेवटी भिंती. प्रत्येकाचा ढीग वेगळा. लोखंड भंगारवाला आनंदाने विकत घेतो, विटांचे तुकडे भरावास जातात, काँक्रीट भरडले की त्याची पुन्हा खडी होते. अशी खडी साध्या काँक्रीटात 25 टक्क्यांपर्यंत, आणि ठराविक प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटात 20 टक्क्यांपर्यंत वापरण्यास भारतीय मानक 383 ने 2016 साली मुभा दिली. परंतु त्याच ढिगात जिप्सम मिसळला, तर त्यातील सल्फेटमुळे ती खडी काँक्रीटास अपायकारक ठरते. केंद्र सरकारने 2016 साली केलेल्या नियमांतही मोठ्या कामांस काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार ढीग वेगळे ठेवावयास सांगितले होते. मिसळला की राडारोडा, निवडला की माल, एवढेच या नियमाचे सार आहे.

आमच्या पुण्यातील जुने वाडे उतरविताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस यात नवल वाटणार नाही. सागवानी खांब व तुळ्या एकेक करून निघत, आणि जुन्या बाजारात त्यांस गिऱ्हाईक मिळे. चुन्यात बसविलेली वीट हलक्या ठोक्याने साफ सुटते. सिमेंटातली वीट स्वतः फुटते, पण सिमेंट सोडीत नाही. आपले पूर्वज भविष्यवेत्ते होते असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांची घरे मोडता येण्याजोगी होती हे खरे. आपण मजबुती मिळविली आणि हा गुण गमावला. म्हणूनच निवडण्याचे काम आता अधिक काळजीने केले पाहिजे.

निवडण्यास वेळ लागतो, मजुरी वाढते, हा आक्षेप रास्त आहे. पण न निवडलेला ढीग रात्रीच्या ट्रकमधून बहुधा कोठे जातो, हे मुठेच्या काठाने सकाळी फिरणाऱ्यास सांगावे लागत नाही. 2024 च्या 25 जुलैस सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पुराचे पाणी शिरले. त्या दिवशी पाऊस मोठा होता, धरणातून विसर्गही मोठा होता. साऱ्याचे खापर राडारोड्यावर फोडणे अन्यायाचे होईल. तथापि, नदीच्या पात्रात टाकलेले प्रत्येक घमेले पाण्याची तेवढी जागा घेते, आणि पाणी ती जागा दुसरीकडे शोधते, हे कळावयास स्थापत्यशास्त्राची पदवी नको.

म्हणून घर पाडावयास काढणाऱ्या स्नेह्यांस मी एवढेच सुचवितो: करारात एक ओळ वाढवावी. माल कोठे उतरविणार ते तीत लिहावे, त्याबद्दलचे पैसे निराळे द्यावे, आणि प्रक्रिया केंद्राची पावती हाती आल्यावाचून शेवटचा हप्ता देऊ नये. आपल्या नव्या दिवाणखान्याची जुनी भिंत कोणा अपरिचिताच्या उंबऱ्याशी पाणी नेऊन उभी करीत नाही, याची खात्री त्या पावतीपेक्षा स्वस्तात मिळत नाही.