जिथे लागत नाही, तिथे

मधुमेहाने बधिर झालेल्या पायांसाठी मी पादत्राणं आणि इनसोल बनवते. या कामातली खरी अडचण म्हणजे चप्पल कुठे लागतेय हे पेशंटला सांगताच येत नाही. १० ग्रॅम भाराला वाकणारा नायलॉनचा तंतू वाकेपर्यंत तळव्याला टेकवला तरी त्याला पत्ता नसतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवून दिलं होतं. पाय रोगामुळे आपोआप सडत नाहीत. वेदनाच हरपते, म्हणून माणूस त्याच जागेवर भार देत चालत राहतो आणि जखम होते.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका माझ्याकडे आले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जाड घट्टा, आणि तिथेच पूर्वी भरलेल्या जखमेचा वण. मी त्यांच्या बुटात सेन्सरची शीट घातली. ती कागदासारखी पातळ असते. तिच्यात उभ्या-आडव्या पट्ट्या असतात आणि त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे दाब वाढला की विद्युतरोध कमी होतो. आमच्या शीटवर चौरस सेंटिमीटरला साधारण ४ बिंदू आहेत. बिंदू मोठे असते तर हाडाच्या टोकाखालचा दाब आजूबाजूच्या जागेत वाटला गेला असता आणि नेमका धोकाच झाकला असता. शीटला सुरकुती पडली तरी खोटा दाब दिसतो, म्हणून ती बसवायला मी घाई करत नाही.

काका व्हरांड्यातून चालले. पडद्यावर टाच हिरवी, बाकीचा चवडा पिवळा आणि अंगठ्यामागे एक लालभडक ठिपका. ३४० किलोपास्कल! म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोच्या आसपास. बुटाच्या आत हा आकडा २००च्या खाली आणायचा असतो.

“मला तर काहीच लागत नाही, ताई,” काका म्हणाले. सोबत आलेल्या काकू मात्र पडद्याजवळ वाकल्या. “अहो, जखम तिथंच झाली होती.”

सच्छिद्र रबराच्या इनसोलमध्ये मी त्या हाडाखाली खोलगट जागा केली आणि पुन्हा मोजलं. अंगठ्यामागचा आकडा उतरला होता, पण आता खळग्याची कडच लाल झाली होती, थेट शेजारच्या बोटाच्या हाडाखाली. भार नाहीसा करता येत नाही, तो फक्त जास्त जागेवर पसरवता येतो. म्हणून कड उतरती घासली, पायाच्या कमानीखाली भर घातली आणि हाडांच्या मागे उंचवटा दिला. चालवायचं, बघायचं, परत घासायचं. शेवटी सगळा चवडा १९०च्या आत आला. नुसत्या नजरेने हे मला कधीच जमलं नसतं. पहिल्या खळग्यावर समाधान मानलं असतं तर त्या कडेनेच पुढची जखम केली असती.

तरी ही शीट फक्त सरळ खाली पडणारा दाब मोजते. पाय बुटात पुढे-मागे घसरून कातडी ओढली जाते, ते तिला दिसत नाही. म्हणून नाडी घट्ट बांधायची, घरातही अनवाणी चालायचं नाही आणि काकूंनी रोज रात्री दोन्ही तळवे हाताने चाचपायचे, असं ठरलं. एखादी जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागली तर त्याच दिवशी फोन करायचा. रबर वापराने दबतं, त्यामुळे पुढच्या वेळी येताना हाच बूट घालून यायला सांगितलंय. पुन्हा शीट घालून बघणार आहे.