तिथी पाहून समुद्राला

दीड वर्षाच्या चिरंजीवांना घेऊन समुद्रावर जायचे ठरले, तेव्हा सौभाग्यवतींनी अटी घातल्या. यात्रा-कंपनी नको, खर्च आवाक्यातला हवा, आणि दोन्ही वेळा मऊ भात मिळायला हवा. तिसऱ्या अटीने गोव्याची हॉटेले आपोआप बाद झाली! उरले दापोलीजवळचे मुरूड, महर्षी कर्व्यांचे गाव. कोकण रेल्वेने खेड, तिथून एस.टी.ने दापोली आणि मुरूड. नारळी-पोफळीच्या वाडीत घरगुती उतारा मिळतो.

खोली ठरवतानाच घरमालकीण काकूंनी फोनवर विचारले, "तिथी कोणती धरलीत?"

मी गोंधळलो. त्यांनी हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला वाळू मोकळी व्हायची ती भर दुपारच्या उन्हात. लहान मुलाला ते कसे सोसावे? पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी येते. सकाळ-संध्याकाळ किनारा मोकळा. आम्ही रजेचा अर्ज बदलला. (साहेबांना कारण सांगितले नाही.)

पौर्णिमेचे उधाण मोठे, हे खरे. पण मुरूडचा किनारा सपाट. ओहोटीने मागे ठेवलेले घोटाभर पाण्याचे डबके हाच चिरंजीवांचा समुद्र. सौभाग्यवतींना चार दिवस गॅसपुढे उभे राहावे लागले नाही. पाणी वळले की काकू वाडीच्या कुंपणावरून हाक मारीत, "उठवा त्याला, भात झालाय!"