गणितमंडळाचा संगणक

तयार संगणक विकत घ्यावयाचा तर पैसा आणि दुकान एवढ्यानें भागतें. परंतु निरनिराळे भाग निवडून एखाद्या अवघड आंकडेमोडीचें यंत्र जुळवून घ्यावयाचें, तर आपलें काम नेमकें काय आहे हें अगोदर ठाऊक असावें लागतें. आणि मौजेची गोष्ट ही कीं, पुष्कळ खरेदीदारांस नेमकें तेंच ठाऊक नसतें. माजी विद्यार्थ्यांनीं वर्गणी करून आमच्या गणितमंडळास जी रक्कम दिली, तिच्यांतून असें यंत्र उभें करण्याचें काम यंदा आमच्याकडे आलें. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दृष्टान्त आम्ही मुलांस अनेकदां शिकविला आहे. तो आतां आम्हांसच आचरणांत आणावयाचा होता. ह्या रकमेंत वसतिगृहांतील चार मुलांची वर्षाची फी भागली असती, हें पालकसभेंत एका गृहस्थांनीं बोलून दाखविलें. दुसऱ्या एकांनीं विचारिलें, "मास्तर, ह्या यंत्रानें माझ्या मुलाचे गुण किती वाढतील?" आम्ही उत्तर दिलें, "एकहि नाहीं." दोन्ही प्रश्न रास्त होते, म्हणूनच एकहि रुपया दिखाऊपणांत जाऊं नये, असा आम्ही निश्चय केला.

मंडळानें काम निवडलें तें मोठ्या मूळसंख्यांच्या शोधाचें. २ चा एखादा घात घेऊन त्यांतून १ वजा करावा. बाकी कधीं कधीं मूळसंख्या निघते. २ चा पांचवा घात ३२. त्यांतून १ गेला, राहिले ३१. सतराव्या शतकांतील फ्रेंच मठवासी मारिन मर्सेन ह्यांच्या नांवानें ह्या संख्या ओळखल्या जातात. त्यांचा शोध घेण्यासाठीं जॉर्ज वोल्टमन ह्यांनीं १९९६ सालीं एक जागतिक उपक्रम सुरू केला. घरोघरचे संगणक रिकाम्या वेळांत ही परीक्षा करितात. २०२४ अखेर अशा एकंदर ५२ मूळसंख्याच ज्ञात होत्या. त्यांपैकीं एक डिसेंबर २०१७ मध्यें अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत जोनाथन पेस ह्यांस सांपडली. हे गृहस्थ आपल्या मंडळीचे डीकन, आणि संख्या सांपडली ती चर्चच्याच एका साध्या संगणकावर! चार कोअरचा प्रोसेसर सहा दिवस अखंड चालला, तेव्हां २ कोटि ३२ लक्ष ४९ हजार ४२५ अंकांची ती संख्या मूळ असल्याचें ठरलें. पेस चौदा वर्षें शोधांत होते. देवळालीच्या शाळेंत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांनीं ६१७४ ह्या संख्येचा चमत्कार जगापुढें मांडला, तेव्हां त्यांच्याजवळ तर कागद व पेन्सिल ह्यांपलीकडे कांहींच नव्हतें. शाळेनें अशा कामांत पडावें कीं नाहीं, ह्याविषयींचा आमचा संशय ह्या दोन उदाहरणांनीं फिटला.

दहावींतल्या मुलांचा पहिला हट्ट मोठ्या ग्राफिक्स कार्डाचा. ऑक्टोबर २०२४ मध्यें ल्यूक ड्युरंट ह्यांनीं ४ कोटि १० लक्ष अंकांहून मोठी मूळसंख्या शोधिली ती ग्राफिक्स प्रोसेसरांवरच, असें त्यांनीं आम्हांस ऐकविलें. गोष्ट खरी; परंतु ते प्रोसेसर मोठमोठ्या डेटा सेंटरांतले. ह्या गणितांत प्रत्येक आंकडा ८ बाइटांत, म्हणजे दुप्पट अचूकतेनें, धरावा लागतो. एन्‌व्हिडियाच्या आरटीएक्स ३० व ४० ह्या मालिकांतील घरगुती कार्डें खेळांच्या चित्रांसाठीं घडविलेलीं असल्यामुळें दुप्पट अचूकतेच्या कामांत त्यांचा वेग साध्या कामाच्या एक चौसष्टांशावर येतो. कार्डाचा बेत रद्द झाला. चित्र दाखविण्यापुरती सोय हल्लींच्या कित्येक प्रोसेसरांतच असते.

मग कोअर किती घ्यावे? दुकानदार सोळा कोअरचा आग्रह धरीत होता. नाताळाच्या आदल्या रात्रीं आमच्या घरीं करंज्या होतात, तेव्हां लाटावयास आठ जणी बसतात. परंतु कढई एकच. सोळा जणी बसविल्या तरी करंज्या कढईच्याच वेगानें निघावयाच्या. संगणकांतही तसेंच आहे: कोअर लाटणारे, आणि रॅममधून आंकडे आणण्याची वाट ही कढई. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. घातांक साडेबारा कोटींच्या आसपास असला, तर संख्या सुमारें ७० लक्ष तुकड्यांत पाडून मांडावी लागते. प्रत्येक तुकड्यास ८ बाइट, म्हणजे एकंदर ५६ एमबी. हा सगळा पसारा प्रोसेसरच्या पोटांतील कॅश स्मृतींत मावला, तर रॅमकडे वारंवार धांवावें लागत नाहीं. दुकानदाराच्या सोळा कोअरच्या प्रोसेसरांत ३२ एमबीचे दोन निराळे कप्पे. आठ कोअरच्या रायझन ७ ७८००एक्स३डी मध्यें ९६ एमबीचा एकच. आठ कोअरचा घेतला. नववींतील एका मुलीनें हा हिशेब आमच्या अगोदर पुरा केला, हें येथें नमूद करणें अवश्य आहे.

रॅमच्या बाबतींत दुकानदारानें ३२ जीबीची एकच पट्टी सुचविली. "पुढें दुसरी घाला, सर," असें म्हणाला. आम्ही १६ जीबीच्या दोन घेतल्या. पट्टी एक असली तर एकच वाट उघडते. डीडीआर५-५६०० ह्या जातीच्या रॅमची एक वाट सेकंदास ४४.८ जीबी नेऊं शकते, दोन मिळून ८९.६. आकार तोच, वाहतूक दुप्पट.

कॅबिनेट पुढून जाळीचें घेतलें. कांचेचें, आंत रंगीत दिवे लुकलुकणारें असें एक मुलांच्या मनांत फार भरलें होतें. परंतु तारा लावावयास नाताळ आहे, आणि एप्रिलच्या उन्हांत आमच्या प्रयोगशाळेंत जो वारा लागतो तो कांचेंतून जात नाहीं. कॅबिनेटाबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस मात्र आम्ही परत केला. दिवसरात्र भार वाहणाऱ्या यंत्रांत ह्या भागावर कसर करणें आम्हांस पटत नाहीं. वीज गेली तर आंकडेमोडीचा कार्यक्रम दर अर्ध्या तासानें आपली नोंद ठेवितो, म्हणून यूपीएस लहानच घेतला. सारें यंत्र मिळून सुमारें १५० वॅट ओढतें, म्हणजे दिवसास ३.६ युनिट, महिन्यास १०८. हा आंकडा आम्ही पालकसभेपुढेंही ठेविला.

यंत्र चुकलें तर? ही शंका पोरकट नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंतील गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली हे जोडमूळसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज करीत असतां त्यांस उत्तरांत फरक दिसला; शोध घेतां घेतां दोष पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारांतच निघाला, आणि त्यापायीं इंटेल कंपनीस ४७ कोटि ५० लक्ष डॉलरांची तजवीज करावी लागली. चूक ओळखून दुरुस्त करणारी, ईसीसी म्हणून ओळखली जाणारी, रॅम घ्यावी असें आमच्या मनांत होतें. परंतु रॉबर्ट गेर्बित्स ह्यांनीं २०१७ मध्यें शोधलेल्या युक्तीमुळें हें विशिष्ट गणित चालतां चालतां स्वतःचीच तपासणी करितें. चूक आढळल्यास मागें जाऊन पुनः करितें. आमच्या कामास साधी रॅम पुरते. ज्यांच्या गणितांत अशी युक्ति नसेल त्यांनीं ईसीसीचा खर्च टाळूं नये.

जोडणी मुलांनीं केली. पहिल्या रात्रीं यंत्रास केवळ ताण देऊन पाहिलें. मग २ चा ४४,४९७ वा घात वजा १ ही संख्या घातली. १९७९ सालीं ती मूळ असल्याचें ठरविण्यास क्रे-१ हा महासंगणक लागला होता. आमच्या यंत्रानें कांहीं सेकंदांतच तोच निकाल दिला. तेव्हां वर्गांत जी शांतता पसरली, ती आम्हांस वार्षिक परीक्षेंतही क्वचित् लाभते.

त्यानंतर उपक्रमाकडून नवा घातांक मागवून घेतला. त्यास कांहीं दिवस लागले. मुलें मधल्या सुटींत येऊन शेंकडा किती काम झालें तें पाहून जात. गुणांविषयीं विचारणाऱ्या पालकांचा मुलगाही त्यांत असे. निकाल आला: मूळसंख्या नाहीं. मंडळाच्या नोंदवहींत नववींतल्या त्या मुलीनें तो तारखेसह लिहिला, खालीं सही केली, आणि दुसरा घातांक मागविला.