पहिली रायफल कुठली घ्यायची?

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या भुवईवर एक खूण आहे. तांदळाच्या दाण्याएवढी. तिथं केस उगवत नाहीत. ती खूण माझ्यामुळे झाली. रायफलीबद्दल तुम्हाला चार गोष्टी सांगणार आहे, पण त्याआधी ही सांगायला हवी.

आमचं मूळ घर पोलादपूरचं. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आमच्याच तालुक्यात. शेजारच्या महाड तालुक्यात तर फौजी आंबवडे नावाचंच गाव आहे. तिथली माणसं पहिल्या महायुद्धापासून सैन्यात जात आली आहेत. तेव्हा आमच्याकडच्या पोरांना बंदुकीचं वेड लागलं, तर त्यात नवल ते काय! मलाही लागलं. १९९१ साली मी अकरावीत होतो. आईच्या मागे लागून लागून, आंब्या-काजूच्या दोन हंगामांचे पैसे खर्ची घालून मी मुंबईहून छऱ्याची बंदूक आणवली. साधी नाही हं, वर दुर्बीण बसवलेली! खरं सांगायचं तर मला बंदूक नकोच होती, ती दुर्बीणच हवी होती. चकचकीत काळी नळी, आत बारीक फुली. डोळा लावला की परसातल्या फणसाचा काटान् काटा दिसायचा. मला वाटलं, झालं! आता नेम चुकणारच नाही.

पण नेम चुकायचाच. सकाळी डाव्या बाजूला, दुपारी खाली, दुसऱ्या दिवशी भलतीकडेच. मी दुर्बिणीचे स्क्रू फिरवायचो, पुन्हा मारायचो, पुन्हा फिरवायचो. शेवटी मनाशी ठरवून टाकलं, आपला हातच वाईट. आणि हात सुधारण्यासाठी परसातल्या गडग्यावर पत्र्याचे डबे मांडून सराव सुरू केला. गडगा काळ्या दगडाचा, अंतर दहा-बारा पावलं. आठ वर्षांचा भाऊ डबे उचलून द्यायला बाजूला उभा. एक छर्रा डब्याला न लागता दगडावर आपटला आणि तसाच उलटा आला. भाऊ दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसला. बोटांतून रक्त येत होतं. डोळ्याच्या जेमतेम बोटभर वर लागलं होतं. बोटभर!

बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी बंदूक उचलली, गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. मीही ती परत मागितली नाही.

मी महाडला कॉलेजात गेलो आणि एन.सी.सी.त नाव घातलं. तिथं फायरिंगला आम्हाला ‘पॉइंट टू टू डिलक्स’ मिळायची. म्हणजे .२२ ची रायफल. तिच्यावर दुर्बीण वगैरे काही नाही. मागं खाच, पुढं काटा, बस्स. पाच गोळ्या मिळाल्या, पंचवीस यार्डांवर. मी घाबरत घाबरत आडवा पडलो, सुभेदारसाहेबांनी सांगितलं तसा श्वास अर्धा सोडला आणि चाप हळूहळू दाबला. कागद आणून पाहतो तो काय, पाचही भोकं एका काड्यापेटीखाली झाकली जात होती! साहेब म्हणाले, “हात अच्छा है.” मी त्या कागदाकडे बघतच राहिलो. हात चांगला होता, मग घरी काय बिघडलं होतं?

ते मला कितीतरी वर्षांनी कळलं. स्प्रिंगच्या छऱ्याच्या बंदुकीत एक जाड स्प्रिंग असते. चाप दाबला की ती आतला दट्ट्या जोरात पुढं ढकलते, म्हणून बंदूक आधी मागं सरकते. दट्ट्या पुढं जाऊन थांबतो, तेव्हा तीच बंदूक पुढं झेपावते. एका बारात दोन उलटसुलट हिसके! साध्या दुर्बिणी मागच्या बाजूचा एकच हिसका सोसायला केलेल्या असतात. या दुहेरी हिसक्यांनी त्यांच्या आतली भिंगं सैल होतात, नाहीतर अख्खी दुर्बीणच पट्टीवरून सरकते. माझीही तशीच झाली होती. आणि मी पोरगा आपल्याच हाताला नावं ठेवत बसलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट आज का उकरून काढली? काढली माझ्या पुतणीनं. ती त्याच भावाची मुलगी, पोलादपूरला शाळेत आहे. ती बंदूक पुढं माझ्या महाडच्या घरी आली होती. जुलै २०२१ च्या महापुरात घरात पाणी शिरलं, त्या गाळातून भांडी, वह्या, गाद्या यांच्याबरोबर ती गंजलेली बंदूकही निघाली. पुतणी तेव्हा लहान होती, पण तिनं ते सगळं पाहून ठेवलं. मग १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ पदक मिळवलं. अंतिम फेरीत ४५१.४ गुण! राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा. त्या दिवशी पुतणीचा फोन आला, “काका, मला पण रायफल हवी. दुर्बीणवाली. तुम्ही बाबांना सांगा.”

सांगायचं कोणी, तर मी! आणि कोणाला, तर भुवईवर खूण असलेल्या माझ्या भावाला!

मी तिला विचारलं, दुर्बीण कशाला हवी? तर तिनं मला मोबाइलवर परदेशातल्या स्पर्धांची चित्रफीत दाखवली. मुलं-माणसं .२२ ची रायफल घेऊन धावतात. कधी पिंपावर, कधी टायरवर, कधी लाकडी अडसरावर ती टेकवून घड्याळाशी शर्यत लावत वेगवेगळ्या अंतरांवरचे लोखंडी पत्रे टिपतात. मजा वाटली खरी. त्या खेळात दुर्बीण लागतेच आणि तिच्यातही पारख लागते. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांसाठी बसवलेल्या असतात. जवळच्या निशाण्यावर डोळा जरा हलला की फुलीसुद्धा हलल्यासारखी दिसते. म्हणून .२२ साठी जवळच्या अंतराला जुळवता येणारी दुर्बीण घ्यावी लागते. शिवाय ही गोळी तशी संथ. सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास. ५० मीटर जाईपर्यंत ती नळीच्या रेषेपासून ११-१२ सेंटिमीटर खाली येते, १०० मीटरवर सुमारे अर्धा मीटर! हा हिशेब जमेल त्याचाच पत्रा वाजतो.

पण आपल्याकडच्या मुलांसमोर ज्या स्पर्धा आहेत, शाळेपासून ऑलिंपिकपर्यंत, त्यांत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही! स्वप्नीलच्या रायफलीवरही नव्हती. २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतच्याही नव्हती. त्यांच्या रायफलीवर मागं एक बारीक छिद्र असतं आणि पुढं एक गोल कडी. छिद्रातून कडी बघायची, कडीच्या मधोमध काळा ठिपका आणायचा. वर्तुळात वर्तुळ आपोआप मधोमध बसवायची आपल्या डोळ्याला सवयच असते, तिचाच हा उपयोग. ५० मीटरवरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढं. १० मीटरच्या एअर रायफलीत तर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर, जवळजवळ या वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामाएवढा.

हे ऐकून पुतणीचा चेहरा जरा पडला. मग म्हणाली, “बरं, दुर्बीण नको. पण बावीसची रायफल?”

या रायफलीला इंग्रजीत रिमफायर म्हणतात. तिच्या काडतुसाच्या बुडाला कड असते, त्या कडेतच ठिणगीची दारू भरलेली असते आणि रायफलीची पिन नेमकी त्या कडेवर आपटते. हे बंदुकीचंच काडतूस आहे, खेळणं नव्हे. त्यामुळे १९५९ चा शस्त्र कायदा तिला लागू आहे. परवाना लागतो, आणि एकवीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय तो मिळत नाही. बारा वर्षांवरची मुलं ती चालवू शकतात, पण रेंजवर, प्रशिक्षणात, मोठ्यांच्या देखरेखीखाली. साडेचार मिलिमीटरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. तरी आई-वडिलांनी विकत घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्यावं, हे बरं. पालकहो, हे वाक्य तुमच्यासाठी!

म्हणजे सुरुवात एअर रायफलीनं. यात कमीपणा मुळीच नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातल्याच पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरला एअर रायफलीतच चारशेपैकी चारशे गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली होती.

आता भाऊ. मी पोलादपूरला गेलो. जेवणं झाल्यावर विषय काढला. तो बराच वेळ अंगणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दादा, तेव्हा तू मला उभं कुठं केलं होतंस, आठवतंय?” मी म्हटलं, “आठवतंय. गडग्याच्या बाजूला.” तो म्हणाला, “ती रेंज वगैरे म्हणतोस, तिथं बाकीचे कुठं उभे राहतात ते मला आधी बघू दे. मग बोलू.”

पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. पनवेलच्या बाजूला एका रेंजवर गेलो. भावानं आत शिरल्यावर रायफलींकडे पाहिलंच नाही. तो नेमबाजांची रेघ बघत होता. रेघेच्या पुढं कुणीच नाही. सूचना मिळेपर्यंत छर्रा भरायचा नाही. बार थांबले की रायफलीचं तोंड उघडून, नळीत रंगीत दोरी घालून ठेवायची, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसावं. सगळे बघे मागं, काचेपलीकडे. त्याचा हात दोन-तीनदा भुवईकडे गेला. मग तो बाकावर बसला.

तिथल्या शिक्षिकेनं पुतणीला रायफल दाखवायच्या आधी एक गंमत करायला लावली. तुम्हीही आत्ता करून बघा. दोन्ही हात पुढं ताठ करून बोटं आणि अंगठे जुळवून एक छोटं त्रिकोणी भोक करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून लांबची एखादी वस्तू बघा, दिव्याचं बटण म्हणा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू भोकातच दिसते, तो तुमचा मुख्य डोळा. पुतणी उजव्या हाताची, पण मुख्य डोळा निघाला डावा! मी घाबरलो. शिक्षिका हसल्या. म्हणाल्या, असं पुष्कळांचं असतं. डाव्या खांद्यावरून शिकता येतं, नाहीतर डाव्या डोळ्यापुढं पांढरी पट्टी लावून उजव्यानं नेम धरता येतो. डोळा मात्र मिटून धरायचा नाही, दुसराही थकतो.

मग माप. रायफलीलाही कपड्यासारखं माप असतं, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या घडीत ठेवलं, तर बोटाचं पेर चापापर्यंत आरामात पोचायला हवं. डोळे मिटून गाल दस्त्यावर टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे, छिद्र समोरच दिसायला हवं. मान वाकडी करून शोधावं लागलं, तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. आणि वजन! स्पर्धेची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. पुतणीनं पहिली उचलली ती मोठ्यांची, अर्ध्या मिनिटात नळी वाऱ्यावरच्या फांदीसारखी हलायला लागली. मग हलकी, दस्ता मागंपुढं सरकवता येणारी आणली. तिचा दस्ता चार बोटं आत घेतला, गालाची पट्टी वर केली. त्या रायफलीचा रंग उडालेला होता, कोणा ना कोणा मुलानं दस्त्यावर चिकटपट्टी लावलेली होती. दुकानात दिसली असती, तर आम्ही कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नसतं.

त्यात छर्रा नव्हताच. शिक्षिकेनं नळीच्या टोकाजवळ एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि म्हणाल्या, “चाप दाब. नाणं पडता कामा नये.” नाणं पडलं. पुन्हा पडलं. अकराव्यांदा राहिलं. बाकावरून भाऊ उठला, काचेला नाक लावून उभा राहिला.

घर घेण्याआधी माणूस भाड्यानं राहतो, तसं आम्ही ठरवलंय. वर्षभर तिथलीच रायफल, महिन्यातून दोन रविवार. तिची उंची अजून वाढते आहे, आज घेतलेली रायफल दोन वर्षांनी आखूड व्हायची. पैसे साठवायचे ते छर्रे, प्रवास आणि जाड कापडाच्या जाकिटासाठी. घरी ती रोज दहा मिनिटं भिंतीवरच्या ठिपक्यासमोर नुसती काठी धरून उभी राहते, काठीवर रुपया. तिची आजी म्हणते, हे कसलं बाई खूळ! भाऊ मात्र पडलेला रुपया उचलून पुन्हा काठीवर ठेवतो.

परवा फोन आला, “काका, दहापैकी सात!” मी विचारलं, गुण? ती म्हणाली, “छे हो, नाणं! दहापैकी सातदा राहिलं. छर्रे पुढच्या रविवारी देणार आहेत. बाबा म्हणाले, एसटीत खिडकीची जागा मीच धरतो.”