बंद धावपट्टीचे गाव

अमेरिकेला गेलेली मंडळी नायगारा पाहतात, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती पाहतात. आयोवा राज्यातल्या सू सिटीला मुद्दाम कोणी जात नाही. मी गेलो. मिसूरी नदीकाठचे, भोवती मक्याची शेते असलेले हे साधेसुधे शहर. नदीकाठी एक पुतळा आहे. एका लष्करी अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या पोराला कवेत उचलले आहे.

ही गोष्ट १९ जुलै १९८९ ची. डेन्व्हरहून शिकागोला २९६ माणसे घेऊन निघालेल्या डीसी-१० विमानाचे शेपटीतले इंजिन ३७,००० फुटांवर फुटले. आपल्या मोटारीचा ब्रेक तेलाच्या दाबावर लागतो ना? तशाच या विमानाच्या पंखांच्या पट्ट्या आणि शेपटीचे सुकाणू तेलाच्या दाबावर हलतात. एक बिघडली तर दुसरी असावी, म्हणून तेलाच्या तीन व्यवस्था होत्या. इंजिनाच्या तुकड्यांनी तिन्ही निकामी केल्या!

उरली पंखांखालची दोन इंजिने. कॅप्टन अल हेन्स यांच्या मदतीला प्रवाशांत बसलेले वैमानिकांचे शिक्षक डेनिस फिच धावले. त्यांनी गुडघे टेकून इंजिनांचे दोन दांडे हातांत धरले. बैलजोडीतला डावा बैल पुढे ओढू लागला की गाडी उजवीकडे वळते, त्याच युक्तीने त्यांनी विमान हाकले. चव्वेचाळीस मिनिटे! कोणत्याही धावपट्टीवर उतरा, असे खालून सांगितले गेले, तेव्हा हेन्स हसले. उतरायला धावपट्टीच हवी का, असे त्यांनी उलट विचारले.

अखेर विमान वापरात नसलेल्या एका धावपट्टीवर आदळले, मोडले, पेटले. ११२ माणसे दगावली, १८४ वाचली. पुतळ्यातले पोर वाचले. त्याची आई गेली.

वाचले ते दैवाने, असे म्हणून मोकळे व्हावे काय? दोनच वर्षांपूर्वी, १९८७ साली, या गावाने अशाच अपघाताची रंगीत तालीम केली होती. मोठे विमान बंद धावपट्टीवर कोसळते, अशी कल्पना करून! म्हणूनच त्या दिवशी बंब आणि रुग्णवाहिका आधीच सज्ज होत्या. रक्त द्यायला गावकऱ्यांनी रांगा लावल्या.

हेन्स २०१९ साली वारले. तोवर कित्येक वर्षे ते व्याख्याने देत हिंडले. त्यांत स्वतःच्या शौर्यापेक्षा या गावाच्या तयारीचीच वाखाणणी अधिक असे.