पुण्यातली दोन घरं, जोडीनं पाहण्याजोगी

मैत्रिणींनो, पुण्याला जायचं म्हटलं की आपल्या यादीत तुळशीबाग पहिली. पातेली, देवाची उपकरणी, बांगड्या घेता घेता पिशव्या जड होतात आणि आपण रिक्षा शोधू लागतो. पुढच्या खेपेला मात्र दोन-तीन तास राखून ठेवा. एकोणिसाव्या शतकातली दोन घरं तुम्हांला जोडीनं दाखवायची आहेत. एक पेशव्यांचं, दुसरं फुलांच्या धंद्यावरून आडनाव पडलेल्या कुटुंबाचं.

पहिलं तुळशीबागेच्या अगदी जवळ, बाजीराव रस्त्यावर. विश्रामबाग वाडा! दुसऱ्या बाजीरावानं तो दोन लाख रुपये खर्चून बांधवला, 1807 च्या सुमारास. आपण रस्त्यानं घाईत जातो, मान वर करत नाही. जरा थांबा आणि वर पाहा. लाकडी सज्जा कसा पुढे झुकला आहे! सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, त्यांवरचं नाजूक कोरीवकाम. सुतारानं लाकडावर जणू भरतकामच केलंय. आत एकामागून एक तीन चौक. वाड्यात चौक का, हे आपल्याला सांगायला नको. बाहेरच्या भिंती बंद, म्हणून उजेड, वारा सगळं मधून यायचं. बायकांचं आभाळ तेवढंच, चौकाएवढं.

1817 साली पुणं इंग्रजांकडे गेलं. पुढे 1821 मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्या निधीतून तिचा खर्च चाले. मुलींनी तिथं शिकावं, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. 1879 च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला, तो नंतर पुन्हा बांधला.

आता दुसरं घर. गंज पेठेतलं, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेतलं. चालत गेलात तर अर्ध्या तासाची वाट. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले इथं राहत. इथं सज्जा नाही, कोरीव खांबांची मिजास नाही. कौलारू छप्पर, बेताच्या खोल्या, मोकळं अंगण. आपल्या आजोळचं घर वाटावं इतकं साधं. पण बायांनो, या घराचं मोल त्याच्या उंबऱ्यात आहे.

1863 मध्ये या दोघांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या, घाबरलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, जीव देऊ नये, बाळाचाही घेऊ नये, म्हणून. सावित्रीबाईंनी त्यांची बाळंतपणं केली. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. 1868 मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाण्यावरून कोण कुणाला किती अंतरावर उभं करी, ते आपल्या आज्यांनी पाहिलंय. अशा काळात आपल्या घरचं पाणी मोकळं करणं ही केवढी गोष्ट! आवारातच जोतीरावांची समाधी आहे. तिथं क्षणभर थांबाच.

या दोन घरांना एक धागाही जोडतो. 1848 साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात या दांपत्यानं मुलींची शाळा सुरू केली. त्या कामाबद्दल सरकारनं 1852 च्या नोव्हेंबरात जोतीरावांना शाल देऊन गौरवलं, तो समारंभ झाला विश्रामबाग वाड्यात! ज्या वाड्यातल्या पाठशाळेला मुलींची आठवणही झाली नव्हती, तिथंच मुलींना शिकवणाऱ्याचा सत्कार.

म्हणून म्हणते, जोडीनं पाहा. पहिलं पाहून कारागिरांच्या हाताला नमस्कार करावासा वाटतो. दुसरं पाहिलं की आपलं घर किती मोठं हे खोल्या मोजून ठरत नाही, हे पटतं.

जाताना मुलींना आणि मुलांनाही न्या. सकाळी लवकर निघा, उन्हाचा त्रास नको. विश्रामबाग वाड्यात डागडुजीचं काम अधूनमधून निघतं, तेव्हा आत जाता येईल का याची आधी चौकशी करा. सज्जा मात्र रस्त्यावरूनही पोटभर पाहता येतो. आणि हो, खरेदी शेवटी ठेवा. जड पिशव्या हातात असल्या की मान वर होत नाही!